वर्गणीवर चालणारे चलन

मोनेरो हे आभासी चलन 18 एप्रिल 2014 रोजी सुरू झाले, तेव्हा कोणीही स्वतःसाठी आधीच एकही नाणे बाजूला काढून ठेवले नाही. नवे चलन काढायचे, पहिला मोठा वाटा गुपचूप आपल्या नावावर करायचा आणि भाव वाढला की विकून मोकळे व्हायचे, हा त्या काळातला सर्रास प्रकार होता. त्या पार्श्वभूमीवर मोनेरोचे वेगळेपण उठून दिसले आणि आजही त्याचे पाठीराखे ते अभिमानाने सांगतात. पण या सचोटीची किंमत मोजावी लागते. मोनेरोच्या मागे मालक कंपनी नाही, भागभांडवल नाही. नवी नाणी पूर्णपणे खाणकाम करणाऱ्यांना मिळतात. जून 2022 पासून दर दोन मिनिटांच्या ब्लॉकमागे 0.6 मोनेरो, म्हणजे दिवसाला 432 मोनेरो, कायमचे निर्माण होत राहणार आहेत. त्यातले काहीही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे, संशोधन करणाऱ्या गणितज्ञांकडे किंवा सुरक्षा तपासणाऱ्यांकडे वळत नाही. त्यांचा मेहनताना वर्गणीतून येतो. ती जमवण्याची, सांभाळण्याची आणि वाटण्याची जी व्यवस्था मोनेरोच्या पाठीराख्यांनी उभी केली, तिचे नाव कम्युनिटी क्राउडफंडिंग सिस्टिम, रोजच्या बोलण्यात सीसीएस.

सीसीएससमोरचा प्रश्न मोनेरोपुरता नाही, तो सगळ्या ओपन सोर्सचा आहे. सगळ्यांनी वापरायचे आणि कोणीच पैसे द्यायचे नाहीत, अशी स्थिती इथे अपवादाने नव्हे, नियमाने येते. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या संकेतलेखनाच्या प्रोग्रॅम-संचात ‘हार्टब्लीड’ ही भयंकर चूक उघडकीस आली. इंटरनेटवरच्या बँका आणि दुकाने ज्याच्या भरवशावर चालत होती, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती, हे तेव्हा जगाला कळले. दहा वर्षांनी, मार्च 2024 मध्ये, एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा साधनात कोणीतरी चोरवाट पेरल्याचे उघड झाले. एकट्याने ओझे वाहून थकलेल्या देखभालकर्त्याच्या मदतीला धावून आल्याचे सोंग करत त्या माणसाने दोन वर्षे विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात जोडणी व्हायला किंचित जास्त वेळ लागतो आहे असे वाटले, त्याने खोदून पाहिले, म्हणून मोठा अनर्थ टळला. चलनाच्या प्रणालीत अशी चूक निघाली तर नुकसान थेट पैशात होते आणि ते भरून देणारे कोणी नसते. म्हणून आभासी चलनांच्या जगात ओपन सोर्स कामाला पैसा कुठून आणायचा या प्रश्नावर इतरांपेक्षा लवकर आणि कडवट भांडण झाले.

त्या भांडणातून निघालेल्या वाटांपैकी सर्वांत सोपी म्हणजे चलनातच कर बसवणे. झीकॅशने 2016 मध्ये सुरुवात करताना पहिल्या चार वर्षांच्या नव्या नाण्यांपैकी 20 टक्के संस्थापक, गुंतवणूकदार आणि कर्मचाऱ्यांसाठी राखले. नोव्हेंबर 2020 नंतर तोच 20 टक्क्यांचा वाटा विकास निधी झाला: सात टक्के मूळ कंपनीला, पाच टक्के झीकॅश फाउंडेशनला आणि आठ टक्के इतर अनुदानांना. 2024 च्या अखेरीस पुन्हा फेरबदल झाला. आठ टक्के सामुदायिक अनुदानांना राहिले आणि बारा टक्के कुलूपबंद पेटीत जाऊ लागले. ती पेटी पुढे कोणी आणि कशी उघडायची याचा निर्णय नंतर घ्यायचा होता. डॅशने 2015 मध्ये ब्लॉकच्या मोबदल्यातले दहा टक्के सामायिक खजिन्यात टाकायला सुरुवात केली. खर्चावर मत देण्याचा हक्क मास्टरनोड चालवणाऱ्यांना मिळाला, आणि त्यासाठी एक हजार डॅश गुंतवावे लागतात. डिक्रेडने 2016 पासून दहा टक्क्यांचीच पद्धत ठेवली आणि मतदान नाणी गोठवून ठेवणाऱ्यांकडे दिले. या तिन्ही ठिकाणी पैसा नियमित येतो, ही त्यांची खरी ताकद. पण तो येतच राहतो म्हणून त्याच्याभोवती राजकारण जमते, आणि मतांची ताकद नाण्यांच्या ढिगावर ठरते.

कराच्या वाटेने गेल्यास काय होऊ शकते हे बिटकॉइन कॅशने 2020 मध्ये दाखवले. बीटीसी.टॉप या खाणसमूहाचे जियांग झुओअर यांनी जानेवारीत प्रस्ताव मांडला की, मोबदल्याचे साडेबारा टक्के सहा महिने हाँगकाँगमधल्या एका कंपनीत जमा करावेत आणि जो खाणवाला देणार नाही त्याचा ब्लॉक बाकीच्यांनी नाकारावा. गदारोळ उठला. सक्तीच्या वर्गणीला वर्गणी कोण म्हणेल, हा सूर होता. प्रस्ताव मागे पडला, पण प्रमुख प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या गटाने नोव्हेंबरमध्ये आठ टक्क्यांचा कर आणलाच, आणि चलनाचे दोन तुकडे झाले. खाणवाल्यांनी आणि बाजाराने करमुक्त तुकड्याला पसंती दिली. त्याच वर्षी विरोधी गटांनी ‘फ्लिपस्टार्टर’ नावाच्या साधनावर स्वेच्छेने पैसे उभे करून दाखवले. मोनेरोच्या लोकांनी हा तमाशा दुरून पाहिला. त्यांचे म्हणणे आधीपासून ठरलेले होते: चलनात कर बसवायचा नाही, काम पटले तर लोक देतील.

मोनेरोच्या सुरुवातीच्या वर्षांत चर्चेच्या फळ्यावरच प्रस्ताव टाकला जाई आणि तिथेच पैसे गोळा होत. त्या व्यवस्थेला फोरम फंडिंग सिस्टिम म्हणत. चर्चेच्या धाग्यात प्रस्ताव हरवायचे, कोणता टप्पा झाला आणि कोणाचे किती देणे राहिले हे शोधायला पाने चाळावी लागायची. 2019 मध्ये तिच्या जागी सीसीएस आले. चर्चेचा फळा जाऊन प्रोग्रॅमरांच्या रोजच्या सवयीची पद्धत आली: प्रस्ताव म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, आणि ती मोनेरोच्या गिटलॅब भांडारात घेण्याची विनंती. प्रत्येक दुरुस्तीचा माग राहतो, प्रत्येक शेरा कायम दिसतो.

अशी फाइल जवळून पाहिली तर व्यवस्थेचा सगळा स्वभाव कळतो. वर चार-सहा ओळींत शीर्षक, प्रस्ताव मांडणाऱ्याचे नाव, मागितलेली रक्कम आणि टप्प्यांची यादी. हे नाव बहुधा टोपणनावच असते. खाली काम काय, कशासाठी, आणि ‘मीच का’ याचे उत्तर. समजा, एखादी व्यक्ती तीन महिने, आठवड्याला तीस तास, तासाला 50 डॉलर या दराने काम करू म्हणते. तेरा आठवड्यांचे 390 तास, म्हणजे 19,500 डॉलर. मोनेरोचा त्या दिवसांतला सरासरी भाव 150 डॉलर धरला तर मागणी 130 मोनेरोंची. मग शेरे सुरू होतात. दर जास्त आहे का, मागच्या वेळचे काम कुठे आहे, तिसऱ्या टप्प्यात ‘इतर सुधारणा’ म्हणजे नेमके काय. घासाघीस कधी दोन दिवसांत संपते, कधी महिनोन्‌महिने रेंगाळते. मधूनमधून होणाऱ्या उघड सभांमध्येही प्रस्ताव चर्चेला येतात. साधारण सहमती दिसली की मोनेरोच्या मुख्य गटातले कोणीतरी फाइल स्वीकारते. कच्च्या कल्पनांच्या रांगेतून प्रस्ताव ‘निधी हवा’ या रांगेत जातो, त्याला देणगीचा स्वतंत्र पत्ता मिळतो, रक्कम भरली की ‘काम सुरू’. टप्पा पूर्ण झाल्याचे दाखवले की त्या टप्प्याचे पैसे मिळतात. कोणी किती दिले हे कोणालाच कळत नाही, कारण मोनेरोच्या व्यवहारात देणारा, घेणारा आणि रक्कम तिन्ही झाकलेली असतात. त्यामुळे देणगीदारांची पाटी लागत नाही आणि मोठ्या देणगीदाराचा दबदबाही उघडपणे तयार होत नाही.

इतक्या सैल बांधणीतून निघालेले काम हलके नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये मोनेरोने बुलेटप्रूफ ही गणिती पद्धत स्वीकारली आणि व्यवहाराचा आकार सुमारे 80 टक्क्यांनी घटला. त्याआधी त्या प्रणालीची तपासणी कुडेल्स्की सिक्युरिटी आणि क्वार्क्सलॅब यांच्यासारख्या व्यावसायिक संस्थांकडून झाली, आणि तिचा खर्च वर्गणीतून निघाला. सापडलेल्या त्रुटी वापर सुरू होण्यापूर्वी दुरुस्त झाल्या. नोव्हेंबर 2019 मध्ये रँडमएक्स हे नवे खाणकाम-सूत्र आले, तेव्हा एक नव्हे, चार स्वतंत्र तपासण्या झाल्या. त्यातल्या एकीचा खर्च त्याच सूत्रात रस असलेल्या आरवीव्ह या दुसऱ्या प्रकल्पाने उचलला. 2020 मधल्या सीएलसॅग या नव्या स्वाक्षरी-पद्धतीचीही बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी केली. मोनेरो रिसर्च लॅबमधले गणितज्ञ तीन-तीन महिन्यांच्या प्रस्तावांवर जवळजवळ पगारासारखे काम करत आले आहेत. आणखी मोठे काम अलीकडचे. मोनेरोत खर्च करणाऱ्याचा माग लपवण्यासाठी त्याच्या नाण्यात आणखी पंधरा फसवी नाणी मिसळतात. त्याऐवजी संपूर्ण साखळीतल्या सगळ्याच नाण्यांच्या गर्दीत त्याला लपवण्याच्या एफसीएमपी++ या पद्धतीचे संशोधन, पडताळणी आणि प्रोग्रॅम-लेखन याच वर्गणीवर पुढे सरकले. तिचे गणित वेगवान करण्यासाठी 2025 मध्ये बक्षिसांची स्पर्धाही लावली गेली. रस्ट भाषेत मोनेरोचा नोड पहिल्यापासून नव्याने लिहिणारा क्युप्रेट हा प्रकल्पही इथलाच. एका प्रोग्रॅममधली चूक सगळ्या जाळ्याला बुडवू नये म्हणून दुसरा स्वतंत्र प्रोग्रॅम असावा, हे शहाणपण कोणत्याही कंपनीच्या नफ्याच्या हिशेबात बसले नसते.

फसलेली कामेही आहेत. मोनेरोच्या वापरकर्त्यांचे इंटरनेट-पत्ते लपवण्यासाठी कोव्री नावाचा प्रकल्प कित्येक वर्षे वर्गणीवर चालला, पण तो मोनेरोच्या मुख्य प्रणालीत कधीच सामावला गेला नाही. त्यावर लोक चिडले, आणि ती चीड पूर्णपणे अन्यायाची नव्हती. तरीही संशोधनाच्या वर्गणीतले काही वाया जाणारच. खरी चूक अशी की, सुरुवातीच्या अनेक प्रस्तावांचे टप्पे ‘महिना पहिला, महिना दुसरा’ असे नुसत्या वेळाने आखले होते. महिना उलटला की पैसे द्यायचे असतील, तर कामात काही हाती लागले का, हे विचारायला कोणाला अधिकारच उरत नाही. पुढच्या काळात टप्पे वस्तूंनी आखण्याचा आग्रह वाढला: अमुक तपासणी पूर्ण, अमुक प्रोग्रॅम मुख्य भांडारात दाखल. गणिताच्या संशोधनाला मात्र हा नियम लावता येत नाही. सिद्धता या महिन्यात सापडेलच असे कोण लिहून देणार? तिथे अहवाल आणि माणसाची पत हेच माप उरते.

भावाचा प्रश्न वेगळा आणि जास्त बोचरा. 2018 च्या जानेवारीत मोनेरोचा भाव चारशे डॉलरच्या वर होता आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पन्नासच्या खाली. वरच्या उदाहरणातली 130 मोनेरोंची मागणी भाव 150 वरून 100 वर आला तर 19,500 ऐवजी 13,000 डॉलरची होते. घरभाडे तेवढेच, काम तेवढेच, मोबदला एक तृतीयांशाने कमी. उलट झाले तर तोच माणूस दीडपट कमावतो, आणि ‘आता उरलेले परत द्या’ अशी कुजबुज होते. जोखीम साधारणपणे काम करणाऱ्याच्या माथी असते. काही जण मागणीतच थोडी उशी ठेवतात, काही जण छोट्या मुदतीचे प्रस्ताव मांडतात. निधी जमताच तेवढ्या रकमेचे मोनेरो डॉलरशी बांधलेल्या नाण्यांत बदलून ठेवावेत, अशी सूचना सहज सुचते. पण मग ती नाणी देणाऱ्या कंपनीवर विश्वास ठेवावा लागेल, जी वाटल्यास खाते गोठवू शकते. विश्वास लागू नये म्हणूनच ज्यांनी हे चलन निवडले, त्यांना हा उपाय गोड लागणे कठीण. दीर्घकाळ चालणाऱ्या कामांत रक्कम दर टप्प्याला त्या वेळच्या भावाने मोजून द्यायची आणि कमी पडेल ते पुढच्या वर्गणीतून भरायचे, हा मधला मार्ग अधिक व्यवहार्य आहे. त्यासाठी लागणारी शिल्लक मात्र कोणीतरी सांभाळावी लागते, आणि सांभाळण्यातच या व्यवस्थेने सर्वांत मोठा फटका खाल्ला.

1 सप्टेंबर 2023 च्या रात्री सीसीएसच्या वॉलेटमधली सगळी शिल्लक, 2,675.73 मोनेरो, नऊ व्यवहारांत बाहेर गेली. चोरी जाहीर झाली तेव्हाच्या भावाने ती सुमारे 4,60,000 डॉलरची होती. ही रक्कम म्हणजे ज्यांचे टप्पे अजून व्हायचे होते त्यांचा मेहनताना. बातमी दोन महिन्यांनी, 2 नोव्हेंबरला, मुख्य गटाने जाहीर केली. त्यातला तपशील वाचून कोणत्याही बँक कारकुनाचे डोळे विस्फारतील. वॉलेट 2020 मध्ये एका उबंटू संगणकावर मोनेरोच्या नोडसोबत बसवले होते. रोजची देणी देण्यासाठी वेगळे छोटे वॉलेट 2017 पासून विंडोज 10 प्रोच्या संगणकावर चालत होते, आणि लागेल तसे मोठ्या वॉलेटमधून त्यात पैसे ओतले जात. मोठे वॉलेट उघडणारी पंचवीस शब्दांची बीजमाला दोनच माणसांकडे होती: त्या जाहीर खुलाशावर ज्यांची सही होती ते मुख्य गटातले सदस्य आणि पूर्वीचे प्रमुख देखभालकर्ते रिकार्डो स्पाग्नी. घुसखोरी कुठून झाली हे ठामपणे कळले नाही. छोटे वॉलेट सुरक्षित राहिले. पुढे मूनस्टोन रिसर्चने काही चोरीच्या नाण्यांचा माग अंशतः लावला. चोराने नंतर अनेक नाणी एकाच व्यवहारात एकत्र केल्याने तो उघडा पडला. झाकलेल्या चलनातही बेफिकिरी माग सोडतेच.

काम करणाऱ्यांची देणी मोनेरोच्या सर्वसाधारण निधीतून भरण्यात आली, त्यामुळे व्यवस्था कोसळली नाही. पण जिने जगातल्या सर्वांत सूक्ष्म गोपनीयता-गणिताला पैसे पुरवले, त्या वर्गणीची तिजोरी एका साध्या संगणकावर होती, हे विसरण्यासारखे नाही. पैसा जमवण्याचे कोडे मोनेरोने कधीच सोडवले होते. जमलेल्या पैशाची किल्ली कोणाच्या हाती, हा साधा प्रश्न नऊ वर्षे तसाच पडून राहिला. गणपती मंडळाचा खजिनदारसुद्धा बँक खात्यावर दोन सह्या ठेवतो.

दोन सह्यांचा उपाय मोनेरोत वाटतो तितका सोपा नाही, हे मात्र मान्य करायला हवे. बिटकॉइनमध्ये तिघांपैकी दोघांच्या सहीनेच पैसे हलतील अशी व्यवस्था ही रोजची बाब आहे. मोनेरोत ती आहे, पण व्यवहार पुरा करण्यासाठी सह्या करणाऱ्यांना आपापसांत फेऱ्या माराव्या लागतात, आणि तिच्या रचनेत दोष सापडल्यानंतर अधिकृत वॉलेटने ती ‘प्रयोगाधीन’ असा शिक्का मारून मुद्दाम चालू करावी लागेल अशी ठेवली. निधी वाटणाऱ्यांनी तीच प्रयोगाधीन वाट धरावी का? त्यातल्या त्यात सुरक्षित मांडणी म्हणजे मोठी शिल्लक इंटरनेटपासून पूर्णपणे तोडलेल्या संगणकावर, छोट्या वॉलेटमध्ये दोन-चार आठवड्यांची देणी आणि टप्पा पूर्ण होताच त्वरित पैसे. शिल्लक जितकी कमी साठेल तितके चोरीचे आमिष कमी.

हिशेबाचे दुसरे अंग म्हणजे जनतेला शिल्लक दिसणे. मोनेरोच्या वॉलेटची पाहण्याची किल्ली वेगळी असते. ती जाहीर केली तर येणारे पैसे कोणालाही मोजता येतात, पण बाहेर गेलेले नीट दिसत नाहीत. म्हणजे तिजोरी रिकामी झाल्यावरही बाहेरून ती भरलेली दिसू शकते. 2018 पासून मोनेरोत ‘राखीव पुरावा’ नावाची सोय आहे: वॉलेटच्या मालकाला आपल्याकडे अमुक इतकी न खर्चलेली रक्कम आहे हे, पैसे न हलवता, सिद्ध करून दाखवता येते. दर महिन्याला असा पुरावा काढून प्रसिद्ध करणे हा नियम असता तर शिल्लक नाहीशी झाल्याचे पुढच्या तारखेला जगजाहीर झाले असते. असा नियम बसवायला नवे गणित लागत नाही, कोणाला तरी त्या तारखेची आठवण ठेवावी लागते. सगळ्या सुधारणांपैकी हीच सर्वांत स्वस्त.

काही आकर्षक सुधारणा मोनेरोला लागूच होत नाहीत, आणि त्या का लागू होत नाहीत हे समजणे उपयोगाचे आहे. बिटकॉइन कॅशच्या फ्लिपस्टार्टरमध्ये प्रत्येक देणगीदार आपल्या भागाची सही करून ठेवतो, पण ठरलेली पूर्ण रक्कम जमेपर्यंत कोणाचाही पैसा हलत नाही. प्रकल्प न भरल्यास परताव्याचा प्रश्नच येत नाही, कारण पैसे खिशातून निघालेलेच नसतात. मध्ये कोणी खजिनदार नसतो, म्हणून कोणी खजिना लुटूही शकत नाही. मोनेरोच्या व्यवहारांना अशा अटी घालण्याची सोय नाही, त्यामुळे देणगी आधी एका वॉलेटमध्ये यावी लागते, आणि देणारे अज्ञात असल्याने ती परतही पाठवता येत नाही.

दुसरी कल्पना इथेरियमच्या जगातली. विटालिक ब्युटेरिन, झोई हित्झिग आणि ग्लेन वाइल यांनी 2018 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार सामायिक निधीची वाटणी प्रत्येक देणगीच्या वर्गमुळांची बेरीज करून तिच्या वर्गाप्रमाणे करायची. शंभर जणांनी एकेक रुपया दिला तर सूत्राची किंमत दहा हजार, एकट्याने शंभर रुपये दिले तर फक्त शंभर. खूप जणांना हवे असलेले काम वर यावे हा हेतू. गिटकॉइनने 2019 पासून या पद्धतीने कोट्यवधी डॉलर वाटले. पण एकाच माणसाने शंभर खोटी नावे घेतली तर सूत्र त्याच्यापुढे लोटांगण घालते. गिटकॉइनला त्यासाठी ओळखपत्रासारखी पडताळणी उभारावी लागली. मोनेरोत देणगीदारांची डोकी मोजताच येत नाहीत, आणि ओळख मागणे म्हणजे चलनाचा हेतूच मोडणे. त्यामुळे तिथे मतदानाऐवजी वाद आणि सहमती यांवरच भागवावे लागते. या सैलपणाचे तोटे उघड आहेत: जो जास्त वेळ बोलू शकतो त्याचे चालते, नवख्याला ओळखीअभावी ताटकळावे लागते, आणि शेवटी फाइल स्वीकारण्याचा अधिकार मूठभर लोकांकडे राहतो. तरी नाण्यांच्या ढिगावर मते मोजणाऱ्या डॅशपेक्षा हे बरे, कारण वाद निदान उघड्यावर होतो.

देखभाल हा वर्गणीचा नेहमीचा दुखरा भाग. नवे वॉलेट, नवे गणित यांना पैसे पटकन मिळतात. जुन्या चुका शोधणे, प्रस्तावांचा पाठपुरावा करणे, सभांचे टिपण लिहिणे यांना कोण देणार? सीसीएसची साइट स्वतःच ओपन सोर्स आहे. मागचा भाग लॅरावेलवर, पुढचा जेकिलवर. तिच्यातली डागडुजी बराच काळ फुकटात झाली. पुढे सीसीएसचे संयोजन करणाऱ्या एका स्वयंसेवकाने स्वतःचाच प्रस्ताव सीसीएसवर मांडला आणि तो लोकांनी भरला. व्यवस्था स्वतःच्याच देखभालीसाठी स्वतःच्याच दारात रांगेत उभी राहते, यात थोडा विनोद आहे. पण मार्ग योग्य आहे, कारण संयोजकाचे काम काय आणि किती हे त्यामुळे पहिल्यांदा कागदावर आले. यापुढे प्रत्येक भरलेल्या प्रस्तावातला छोटासा ठरलेला हिस्सा देखभालीला बाजूला काढण्याची पद्धत बसवली तर दर तीन महिन्यांनी हात पसरण्याची वेळ येणार नाही. अट एवढीच की, तो हिस्सा प्रस्तावातच ठळक लिहिलेला असावा. छुपा कर कोणालाच चालणार नाही.

सीसीएस हे आता एकटे दार नाही. अमेरिकेतील मॅजिक या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचा मोनेरो निधी निवडून आलेल्या समितीमार्फत अनुदान देतो, आणि तिथल्या देणगीदाराला करसवलतीचा फायदा मिळतो. छोट्या कामांसाठी बक्षिसांची स्वतंत्र जागा आहे, जिथे आधी पैसे जमतात आणि जो काम करून दाखवेल तो घेऊन जातो. बिटकॉइनच्या बाजूला ब्रिंक आणि ओपनसॅट्स प्रोग्रॅमरांना थेट पाठबळ देतात. भारतात झेरोधाने ऑक्टोबर 2024 मध्ये फ्लॉस/फंड सुरू केला: जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलर, देणारा एकच आणि सर्वांना माहीत असलेला. तिथे पैशाला भावाची जोखीम नाही आणि चोरीची भीतीही नाही, पण कंपनीचा विचार बदलला तर व्यवस्था बदलते. अनेक दारे असणे हेच चांगले. ठरावीक तपासणी एका दारातून, रेंगाळणारे संशोधन दुसऱ्यातून.

कायद्याची चौकट दिवसेंदिवस आवळत चालली आहे, आणि तिचा फटका देणाऱ्याइतकाच काम करणाऱ्याला बसतो. पुण्यात बसून सीसीएसचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला मोबदल्यावर उत्पन्न म्हणून कर द्यावा लागतो. पुढे ती नाणी नफ्यात विकली तर 1 एप्रिल 2022 पासून आभासी मालमत्तेवरचा 30 टक्के कर लागतो, तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही, आणि जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का उगमस्थानी कापला जातो. मार्च 2023 पासून देशातल्या एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदाही लागू आहे. बाहेरही वाट अरुंद होते आहे. बायनन्सने फेब्रुवारी 2024 मध्ये मोनेरोची खरेदी-विक्री बंद केली, क्रॅकेनने त्याच वर्षी युरोपीय देशांपुरती थांबवली, आणि युरोपीय संघाच्या नव्या नियमांनुसार जुलै 2027 पासून तिथल्या सेवादारांना व्यवहार लपवणारी नाणी हाताळता येणार नाहीत. एक्स्चेंजची दारे बंद झाली तर मोबदल्याचे रूपांतर घरभाड्यात कसे करायचे हा प्रश्न उरतो. लोकांनी थेट एकमेकांशी अदलाबदल करण्यासाठीचा हॅवेनो हा प्रोग्रॅम त्यासाठी वापरात आला आहे. त्याच्या सुरुवातीच्या कामाचा खर्च 2021 मध्ये सीसीएसच्याच वर्गणीतून निघाला होता.